'मेड आउट' आणि 'मेड अप': एका छोट्या शब्दावर अडलेला न्याय



अ‍ॅट्रॉसिटीच्या प्रकरणात उच्च न्यायालयाचा आदेश होतो, तेव्हा तो इंग्रजीत होतो. वकिलाच्या फोनवरून तो फिर्यादीच्या फोनवर येतो आणि तिथून गल्लीतल्या एखाद्या शिकलेल्या पोराच्या फोनवर जातो. पोरगं थेट शेवटचं पान उघडतं. घरातली सगळी माणसं त्याच्या तोंडाकडे बघत असतात. कागदावर लिहिलेलं असतं, 'प्रायमा फेसी केस इज मेड आउट'. पोराला 'केस' कळतं, 'मेड' कळतं, 'आउट'ही कळतं. पण तिन्ही मिळून काय झालं ते कळत नाही. 'आउट' म्हणजे बाहेर. मग केस बाहेर काढली? म्हणजे आपण हरलो?

खरं तर त्या वाक्याचा अर्थ नेमका उलटा आहे. केस बाहेर गेलेली नाही, ती उभी राहिली आहे. प्रथमदर्शनी गुन्हा घडल्याचं दिसतं, असं न्यायालय म्हणतंय.

हदगाव तालुक्यातल्या पोरापोरींसोबत बसून असे कागद वाचताना हा गोंधळ आम्ही पुन्हा पुन्हा पाहतो. आणि दर वेळी एकच गोष्ट लक्षात येते. अडचण मोठ्या शब्दांची नसते. 'कॉन्स्टिट्यूशन', 'ज्युरिस्डिक्शन' असले शब्द पोरं शोधून काढतात. अडतं ते 'आउट', 'अप', 'अंडर', 'विदिन', 'डाउन' अशा दोन-तीन अक्षरांच्या शब्दांपाशी. ज्यांना आपल्या शाळेत 'किरकोळ' समजलं गेलं, तेच शब्द कायद्याच्या कागदावर मोठा निर्णय फिरवतात.

काही मित्र म्हणतील, चळवळीच्या लेखात हे व्याकरण कशाला? तो क्लासवाल्यांचा धंदा आहे. आमचं म्हणणं स्पष्ट आहे. ज्या व्याकरणावर आपल्या माणसाचा जामीन, अटक आणि अपील ठरतं, ते व्याकरण क्लासवाल्यांच्या भरवशावर सोडता येणार नाही.

एक 'मेक', पाच अर्थ

'मेक' म्हणजे करणे, बनवणे. पाचवीच्या पोरालाही माहीत असलेलं क्रियापद. आता त्याच्या मागे एकेक छोटा शब्द लावून बघा.

'मेक आउट' म्हणजे उभं करणे, दाखवून देणे. साध्या बोलण्यात, अंधुक दिसणारं ओळखणे. 'केस इज मेड आउट' म्हणजे तक्रारीत गुन्ह्याचे घटक दिसतात.

'मेक अप' म्हणजे रचणे. 'स्टोरी इज मेड अप' म्हणजे कहाणी रचलेली आहे, कुभांड आहे.

'मेक ओव्हर' म्हणजे दुसऱ्याकडे सोपवणे. एका न्यायालयाने प्रकरण दुसऱ्या न्यायालयाकडे दिलं तर ते 'मेड ओव्हर' होतं.

'मेक अप फॉर' म्हणजे भरपाई करणे. 'मेक डू विथ' म्हणजे जे हातात आहे त्यावर भागवून घेणे. हे शेवटचं क्रियापद आपल्या आजा-पणज्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

'मेड आउट' आणि 'मेड अप' यांत फरक फक्त शेवटच्या शब्दाचा. पण पहिल्यात फिर्यादी खरा ठरण्याच्या वाटेवर असतो आणि दुसऱ्यात तो खोटारडा ठरतो. आपल्या समाजावर कायम होणारा आरोप कोणता? 'अ‍ॅट्रॉसिटीच्या केसेस खोट्या असतात.' म्हणजे इंग्रजीत सांगायचं तर 'मेड अप' असतात. आणि आपल्याला न्यायालयात दाखवायचं काय असतं? केस 'मेड आउट' आहे.

यात आणखी एक बारकावा आहे, तो कार्यकर्त्यांनी नीट लक्षात ठेवावा. 'मेड आउट' म्हणजे 'सिद्ध झालं' असं नाही. त्याला इंग्रजीत 'प्रूव्हड' म्हणतात आणि ते पुराव्यानंतर, खटल्याच्या शेवटी ठरतं. आदेशात 'मेड आउट' दिसलं की गावात पेढे वाटायची घाई नको. आणि 'नॉट मेड आउट' दिसलं की तडजोडीला बसायचीही घाई नको.

कलम १८ आणि 'मेक आउट'

हा शब्दांचा खेळ नाही हे समजण्यासाठी कायद्याचा अलीकडचा इतिहास बघू. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९चा. त्याच्या कलम १८ने आरोपीला अटकपूर्व जामीन नाकारला आहे. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात निकाल दिला. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी, अटकेआधी वरिष्ठांची मंजुरी, अशा अटी त्यातून आल्या. या अटी मूळ कायद्यात कुठेही लिहिलेल्या नव्हत्या. कायद्यात जे नाही ते त्यात वाचणं, याला इंग्रजीत 'रीड इंटू' म्हणतात. २ एप्रिल २०१८चा भारत बंद या वाचनाच्या विरोधात होता. त्याच वर्षी संसदेने कलम १८अ आणलं आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने पुनर्विचारात आपले ते निर्देश मागे घेतले.

इथपर्यंतची गोष्ट आपल्यातल्या बहुतेकांना माहीत आहे. पुढची कमी माहीत आहे. १० फेब्रुवारी २०२० रोजी पृथ्वीराज चौहान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कलम १८अ वैध ठरवलं. पण सोबत एक दार उघडं ठेवलं. तक्रारीवरून या कायद्याखालची प्रथमदर्शनी केस 'मेक आउट' होत नसेल, तर अटकपूर्व जामिनाची बंदी लागू होणार नाही. म्हणजे आज कलम १८चं संपूर्ण संरक्षण त्या 'आउट'वर टांगलेलं आहे. आरोपीचा वकील उभा राहून पहिलं वाक्य कोणतं बोलतो? 'नो केस इज मेड आउट.' सगळी लढाई तिथूनच सुरू होते.

आणि ही लढाई आपल्या मराठवाड्यातलीच आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या एका प्रकरणात औरंगाबाद खंडपीठाने दिलेला अटकपूर्व जामीन सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये रद्द केला. या टप्प्यावर पुरावे तपासत छोटा खटला चालवता येत नाही, तक्रारीत प्रथमदर्शनी गुन्हा दिसतो की नाही एवढंच बघायचं, असं न्यायालयाने सांगितलं. हे तत्त्व आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ हवं. पण त्याआधी, तक्रार लिहिताना काय लिहिलं म्हणजे केस 'मेड आउट' होते, हे कळायला हवं. जातीचा उल्लेख कुठे आला, कोण हजर होतं, कोणती कृती झाली, जागा कोणती होती. हे पहिल्या दिवशी ठाण्यात लिहिलं गेलं नाही, तर वर्षभराने खंडपीठात त्याची भरपाई होत नाही. तिथे कुणी 'मेक अप फॉर' करून देत नाही.

'विदिन' आणि 'नोइंग'

जागेचा विषय निघालाच आहे तर बघा. जातीवरून अपमान आणि शिवीगाळ यांची कलमं म्हणजे ३(१)(आर) आणि ३(१)(एस). त्यात अट आहे, ती कृती 'विदिन पब्लिक व्ह्यू' झालेली असावी. आपल्याकडे अनेक जण याचं भाषांतर 'सार्वजनिक ठिकाणी' असं करतात. चूक. 'सार्वजनिक ठिकाण' म्हणजे 'पब्लिक प्लेस'. 'विदिन पब्लिक व्ह्यू' म्हणजे लोकांच्या नजरेच्या टप्प्यात. २००८ च्या स्वरण सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक सोडवून सांगितला. जागा खाजगी असली, उदाहरणार्थ घरापुढचं मोकळं अंगण, पण रस्त्यावरून दिसत असेल, तर ती 'विदिन पब्लिक व्ह्यू' ठरू शकते. उलट चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी हजर नसताना शिवी दिली, तर हे कलम लागत नाही, असं २०२० च्या हितेश वर्मा प्रकरणात म्हटलं गेलं. तेव्हा फिर्यादीत 'घरासमोर शिवीगाळ केली' एवढंच लिहून थांबू नका. कोणाला दिसत होतं, कोण ऐकत होतं, ते लिहून घ्यायला लावा. 'विदिन' या एका शब्दासाठी.

दुसरं उदाहरण कलम ३(२)(व्ही)चं. दहा वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेचा गंभीर गुन्हा अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीविरुद्ध केला, तर या कलमाने जन्मठेप आहे. जुन्या शब्दरचनेत अट होती 'ऑन द ग्राउंड दॅट', म्हणजे ती व्यक्ती त्या जातीची आहे या कारणावरून. आरोपी म्हणायचे, मारलं ते बांधावरून मारलं, पाण्यावरून मारलं, जातीवरून नाही. २००६ च्या खैरलांजी हत्याकांडात सगळा देश हादरला, पण ना भंडाऱ्याच्या न्यायालयात ना नागपूर खंडपीठात अ‍ॅट्रॉसिटी कायदा टिकला. २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली आणि त्या जागी शब्द आला 'नोइंग दॅट', म्हणजे ती व्यक्ती त्या जातीची आहे हे माहीत असताना. गावात कोणाची जात कोणाला माहीत नसते? 'कारणावरून' सिद्ध करण्यापेक्षा 'माहीत असताना' सिद्ध करणं कितीतरी सोपं आहे. कायद्याचं एक वाक्य बदलायला हजारो माणसांचा संघर्ष लागला. तो बदल वाचता आला नाही तर संघर्षाचं फळ दुसऱ्याच्या ताटात जातं.

'रीड आउट': ठाण्यातला आपला हक्क

'रीड' म्हणजे वाचणे. 'रीड विथ' म्हणजे एक कलम दुसऱ्यासोबत जोडून वाचणे. 'रीड डाउन' म्हणजे कलमाचा अर्थ आक्रसून घेणे. 'रीड इंटू' वर आलंच. आणि 'रीड आउट' म्हणजे मोठ्याने वाचून दाखवणे.

हे 'रीड आउट' अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ४ मध्येच बसलेलं आहे. तोंडी दिलेली फिर्याद लिहून झाल्यावर, सही घेण्याआधी ती फिर्यादीला वाचून दाखवणं हे पोलीस अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. त्याने स्वतः वाचलं, एवढ्याने भागत नाही. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या, अनुसूचित जाती-जमातीचा नसलेल्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष शिक्षेची तरतूद त्याच कलमात आहे. तामसा असो, मनाठा असो की हदगाव, ठाण्यात सोबत जाणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने सहीआधी एकच वाक्य म्हणावं, 'साहेब, वाचून दाखवा.' हात जोडायची गरज नाही, कायदाच तसं सांगतो.

आदेशाच्या शेवटी येणारी आणखी दोन क्रियापदं. 'सेट असाइड' म्हणजे रद्द केलं. फोनमधलं भाषांतर त्याचं 'बाजूला ठेवलं' करून मोकळं होऊ शकतं, आणि आपली माणसं 'नंतर बघतील' म्हणून वाट बघत बसतात. तोवर अपिलाची मुदत निघून जाते. दुसरं 'डिस्पोज्ड ऑफ'. म्हणजे निकाली काढलं. त्यात जिंकलं की हरलं हे कळत नाही, ते वरच्या ओळीत शोधावं लागतं. आपले अर्ज कार्यालयात असेच 'निकाली' निघतात आणि प्रश्न जागच्या जागी राहतो, हे वेगळं सांगायला नको.

हे आपल्याला नवीन नाही

आता कुणी म्हणेल, इंग्रजी अवघडच, शब्द एक आणि अर्थ पंचवीस. आमचं म्हणणं आहे की ही युक्ती आपल्या आईच्या बोलण्यात रोज आहे. 'लिहून घेणे', 'लिहून देणे', 'लिहून ठेवणे', 'लिहून टाकणे'. क्रियापद लिहिण्याचंच, पण पुढच्या शब्दाने सगळं फिरतं. फौजदाराने तक्रार 'लिहून घेतली' तर ते त्याचं कर्तव्य. आपल्या माणसाकडून तक्रार नसल्याचं 'लिहून दिलं' गेलं तर तो फास. या दोन क्रियापदांतला फरक ज्याला कळतो, त्याला 'मेड आउट' आणि 'मेड अप'मधला फरक शिकवायला पंधरा मिनिटं पुरतात.

किंवा 'नाव' घ्या. बाळाचं नाव ठेवतात, लोक नावं ठेवतात, पोरगी शाळेचं नाव काढते. मराठवाड्याला तर हे रक्त सांडून शिकावं लागलं. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला. त्यानंतर नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना जीव गमवावा लागला. सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी जे मिळालं त्याला 'नामांतर' नाही, 'नामविस्तार' म्हणतात. 'नाम' तेच. पुढचा शब्द बदलला आणि 'मराठवाडा' हा शब्द विद्यापीठाच्या नावात कायम राहिला. शब्दाचं शेपूट कोण ठरवतं, याला राजकारण म्हणतात. ज्या जिल्ह्याने हे भोगलं त्या जिल्ह्यातल्या पोरांना 'छोटे शब्द महत्त्वाचे नसतात' असं कोण सांगणार?

पाठांतराने काय होतं

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आज पंचविशीतल्या पोराने किमान दहा वर्षं इंग्रजी शिकलेलं आहे. तरी आदेशाचं एक पान वाचताना तो का अडतो? कारण त्याला क्रियापदांच्या याद्या पाठ करायला लावल्या. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात डावीकडे 'पुट ऑफ', उजवीकडे 'पुढे ढकलणे'. तलाठी भरतीत १०० पैकी २५ प्रश्न इंग्रजीचे होते, म्हणून यादी पाठ. परीक्षा झाली, यादी विसरली. वाक्यात, प्रसंगात, कागदावर तो शब्द कधी भेटलाच नाही.

एक गंमत बघा. इंग्रजीतली ही जोडक्रियापदं मुळात सामान्य माणसाच्या बोलण्यातली आहेत. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, राजदरबारात फ्रेंच आणि चर्चमध्ये लॅटिन बसली. वरच्यांचे शब्द झाले 'टॉलरेट', 'पोस्टपोन', 'इन्व्हेस्टिगेट'. खालच्यांचे राहिले 'पुट अप विथ', 'पुट ऑफ', 'लुक इंटू'. अर्थ जवळजवळ तेच, पण एक भाषा दरबाराची आणि दुसरी शेताची. बुद्धांनी धम्म संस्कृतात न सांगता लोकांच्या भाषेत सांगितला, हे आपण अभिमानाने सांगतो. मग लोकांच्या इंग्रजीला आपणच का घाबरायचं? आपल्या पोरांना लॅटिन मुळाचे लांब शब्द सोपे जातात, कारण त्यांना एकच अर्थ असतो आणि तो पाठ करता येतो. छोटे शब्द पाठ होत नाहीत, ते वापरूनच येतात. आणि वापरायला जागा लागते, सोबत लागते. उच्चवर्णीय घरात ती जेवणाच्या ताटापाशी मिळते. आपल्याला ती तयार करावी लागेल.

देवी नको, हत्यार हवं

इंग्रजीबद्दल आपल्या चळवळीत दोन टोकं आहेत. एक म्हणतं, इंग्रजी हीच मुक्ती. उत्तर प्रदेशातल्या बनका गावात २०१० साली 'इंग्रजी देवी'चं मंदिर उभारायलाही सुरुवात झाली होती. भावना आम्हाला समजते. पण बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसांनी आणखी एक देवी कशाला बसवायची? देवीपुढे हात जोडतात, भाषा हातात घेऊन वापरतात. दुसरं टोक म्हणतं, इंग्रजी परकी, न्यायालयंच मराठी करा. या मागणीला आमचा पाठिंबा आहे. जिल्हा न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे, तिचा वापर वाढलाच पाहिजे. पण संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार उच्च न्यायालयाचं कामकाज आजही इंग्रजीत चालतं. आणि २०१६ पासून विशेष न्यायालयाच्या जामिनाच्या आदेशावर अपील थेट उच्च न्यायालयात जातं. व्यवस्था बदलेपर्यंत आपल्या माणसाने कागद न वाचता राहायचं का?

सावित्रीमाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजीवर कविता लिहिली, आणि ती मराठीत लिहिली. बाबासाहेबांनी 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' मराठीत काढले, आपले मोठे ग्रंथ इंग्रजीत लिहिले, आणि पालीचा अभ्यास केला. ज्याच्याशी बोलायचं त्याची भाषा, असा सरळ हिशेब. १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाची सुरुवात करून त्यांनी मराठवाड्यातल्या पोरांसाठी तेच दार उघडलं. तेव्हा नांदेडहून तिथे पोहोचणंच मोठं होतं. आज आदेश आपल्या खिशातल्या फोनवर येतो. तो वाचता येणं हे त्याच दारातून पुढे जाणं आहे.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो.

एक, प्रत्येक विहारात रविवारच्या वंदनेनंतर एक तास 'कागद वाचन'. उच्च न्यायालयाचा एक खरा आदेश घ्यायचा, कुणाचीही खाजगी माहिती न वाचता. क्रियापद आणि त्यामागचा छोटा शब्द अधोरेखित करायचा, आधी अर्थ अंदाजाने सांगायचा, मग पडताळायचा.

दोन, एक वही. 'मेक', 'सेट', 'रीड', 'लुक', 'पुट' असं एका क्रियापदाला एक पान. यादीतला शब्द लिहायचा नाही, ज्या वाक्यात भेटला ते आख्खं वाक्य लिहायचं आणि शेजारी आपल्या बोलीतला अर्थ. 'लुक इंटू' म्हणजे चौकशी करणे, 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे. अर्जात 'प्लीज लुक आफ्टर द मॅटर' लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत. असा अर्ज साहेबांना प्रकरण जपून ठेवायला सांगतो, आणि ते तेवढं मात्र मनापासून करतात.

तीन, कायदा शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी महिन्यातून एक दिवस गावात द्यावा. निवघा, मनाठा, तामसा, जिथे जमेल तिथे. भाषण नको. फक्त तक्रारीचा मसुदा लिहून दाखवा आणि केस 'मेड आउट' कशी होते ते सांगा.

'शिका' या आदेशाचा अर्थ आपण फार दिवस पदवीपुरता घेतला. पदव्या घराघरांत आल्या, भिंतीवर लागल्या. आता त्या पदव्यांनी एका आदेशाचं शेवटचं पान घरातल्या म्हातारीला खात्रीने वाचून दाखवावं. पुढच्या वेळी 'मेड आउट' वाचल्यावर आपल्या पोराचा चेहरा उतरता कामा नये. त्याने ठामपणे सांगावं, 'आजी, केस उभी आहे. आता साक्षीची तयारी करायची.'

जयभीम!